स्प्रिंग कापणं म्हणजे लोअरिंग नव्हं, भावा

रविवारी सकाळी रंकाळ्याला चार जुन्या गाड्या लागल्या की कोणतरी येतोच, माझ्या प्रीमियर पद्मिनीला एक चक्कर मारतो आणि म्हणतो, "दादा, गाडी एक नंबर ठेवलीय, फक्त जरा खाली बसवा की. पुढनं स्प्रिंगचा एक एक वेढा कापायचा, उद्यमनगरातल्या वर्कशॉपात तासाभराचं काम." मी म्हटलं की करायचंच झालं तर लोअरिंग स्प्रिंग करून घेईन, तर लगेच, "तेच की ते, पैसे कशाला घालवताय!" नाही रे बाबा, तेच ते नव्हं. ऐकून ऐकून कान किटलेत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

कापलेली स्प्रिंग म्हणजे कंपनीच्याच स्प्रिंगचा वेढा कापून बुटकी केलेली, तुम्ही बघितलीय, निम्म्यांनी कापूनपण घेतलीय. लोअरिंग स्प्रिंग म्हणजे कमी उंचीचा हिशोब धरूनच पहिल्यापासनं गुंडाळलेली, तार जरा जाड, टोकं स्प्रिंगच्या बैठकीत (सीटमध्ये) नीट बसतील अशी. गाडी उभी असताना दोन्हीत काय फरक कळत नाही आणि घोळ तिथंच होतो, कारण आपण गाडी उभी असतानाच बघतो, फोटोपण उभ्या गाडीचाच काढतो.

आता खरा मुद्दा. काहीजण म्हणतात कापली की स्प्रिंग मऊ पडते. साफ चूक. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, कामाचे, म्हणजे खरोखर दबणारे, ८ वेढे असतील आणि १ कापला तर साधारण १४ टक्के कडक. दुसरे जरा शिकलेले, ते म्हणतात कापूनपण कडक होते, लोअरिंगपण कडक असते, म्हणजे एकच झालं. हे अर्धं खरं आहे म्हणून जास्त घातक आहे. कडक किती, हे कोण विचारतच नाही.

हिशोबाला सोपे आकडे घेऊया, कुठल्या एका गाडीचे नव्हेत. मोकळी स्प्रिंग ३०० मिमी, वेढे ८, प्रत्येक मिमी दाबायला ४ किलो लागतात, वर वजन ४०० किलो. म्हणजे ती १०० मिमी दबून २०० वर उभी राहते. एक वेढा काढला की उभी राहते १७५ वर. गेले २५ मिमी, एक इंच, बरं वाटतंय न्हवं? पण पद्मिनीला पुढं विशबोन आहेत, म्हणजे चाक धरणारे आडवे आर्म, त्यात स्प्रिंग चाकापाशी नसते, आर्मवर आतल्या बाजूला असते. ती आर्मच्या मधोमध बसते असं धरलं तर स्प्रिंगचे २५ मिमी म्हणजे चाकापाशी ५० मिमी. एक इंच मागितला आणि दोन इंच बसली, मग मालक मिस्त्रीला शिव्या घालतो, आणि मिस्त्री म्हणतो मी एकच वेढा कापलाय, मोजून घ्या.

तरी अजून उंचीचंच बोलतोय. चाकाला वर जायला रबर स्टॉपरपर्यंत आधी समजा ८० मिमी जागा होती, आता राहिली ३०. खड्ड्याचा दणका स्प्रिंगनं ह्या जागेत गिळायचा असतो आणि ती किती गिळते ते जागेच्या वर्गावर ठरतं. जागा निम्मी झाली तर तेवढाच दणका गिळायला स्प्रिंग चौपट कडक लागते. ८० ची ३० झाली तर सातपट. आणि तुम्हाला मिळाले किती, १४ टक्के! राहिलेला सगळा दणका आधी रबरावर, मग चासीवर आणि शेवटी तुमच्या मणक्यावर. लोक म्हणतात "गाडी कडक झालीय, स्पोर्टी वाटतीय". स्पोर्टी कसली, प्रत्येक खड्ड्याला स्टॉपरवर आपटतीय ती.

लोअरिंग स्प्रिंग करणारा हा हिशोब उलट्या बाजूनं करतो. चाकापाशी २५ मिमीच खाली घ्यायची, म्हणजे जागा ८० ची ५५ उरते. वर्गाच्या हिशोबानं स्प्रिंग दुपटीहून जरा जास्तच कडक पाहिजे, पण तेवढी केली तर गाडीत कोण बसणार नाही, म्हणून वीस-तीस टक्के कडक करायची, तिला झेपतील असे शॉकअप लावायचे, स्टॉपर थोडा बुटका आणि मऊ घ्यायचा आणि तिथंच थांबायचं. तडजोड हीपण आहेच, पण मोजून केलेली. आणि कडकपणा तारेच्या जाडीतनं येतो, जाडीच्या चौथ्या घातानं. १२ मिमीची तार साडेबारा केली की बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग १८ टक्क्यांच्या आसपास कडक. अर्धा मिमी फक्त! म्हणून नुसती जुनी स्प्रिंग दाखवून "हिच्यापेक्षा बुटकी करून द्या" म्हणणाऱ्याला आणि ते ऐकून करून देणाऱ्याला, दोघांनापण माझा नमस्कार. तारेची जाडी, वेढे, मोकळी लांबी आणि किती वजनाला किती उंची, एवढं कागदावर लिहून द्या, आणि झाल्यावर वजनाखाली दाबून दाखवा म्हणा. दाखवत नसेल तर दुसरं दुकान बघा.

चाक खाली लोंबतं तेव्हाची गोष्ट वेगळीच. वरच्याच आकड्यांत चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंगची जागा २३५ मिमी होते समजा. एक वेढा कापलेली मोकळी स्प्रिंग २६२ च्या आसपास, म्हणजे अजून दाबात आहे. हौसेनं दोन कापले की २२५, म्हणजे १० मिमी मोकळी, सीटमध्ये खुळखुळणार. माझ्या मामाच्या गाडीचं हेच झालं, पन्हाळ्याला जाताना समोरनं वडाप (शेअर गाडी) आलं म्हणून गाडी साइडपट्टीवर घेतली, एक चाक खाली उतरलं, परत वर आलं तेव्हा स्प्रिंग तिरकी. पावसात तासभर जॅक लावून बसलो होतो.

गॅस कटरनं कापणाऱ्यांवर तर मी बोलतच नाही. तार लाल झाली की पोलादाला दिलेलं पाणी तिथं उतरलं, मग ती बाजू हळूहळू बसत जाते नाहीतर तिथनंच तुटते.

मागचं थोडक्यात. पद्मिनीला मागं पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत आणि तिथं गणित उलटं. पाटा काढला की मागची बाजू मऊ होते. म्हणजे पुढं वेढा कापून आणि मागं पाटा काढून गाडी दिसायला एका लेव्हलला येते, पण पुढनं दगड आणि मागनं गादी, स्पीडब्रेकरवरनं होडीगत जाते. त्यापेक्षा पाटा आणि ॲक्सलच्या मधे ठोकळा आणि तो आवळायला लांब यू-बोल्ट बरा, पाट्याचा कडकपणा आहे तसा राहतो, जागा तेवढी कमी होते.

अँबॅसिडरवाल्यांनी ह्या भांडणात पडूच नये, त्यांना पुढं टॉर्शन बार आहे, म्हणजे वेढ्यांच्या स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी सळई, तो दात सरकवून बसवला की उंची बदलते आणि कडकपणा तोच राहतो.

अलाइनमेंट दोन्हीत करावंच लागतं, ते काय सांगायला नको.

आता माझं मत. जिचा रंग, बीडिंग, सीटकव्हर सगळं कंपनीचं टिकलंय ती गाडी खाली घेऊच नये. १९८८ च्या नियमात स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला होता, आपल्या गल्लीतले बघा, रात्रीत कोणतरी भिंत बांधून गेल्यागत असतात, तिथं सायलेन्सर घासत जायची हौस मला नाही. तरीपण करायचंच असेल तर २५ मिमी, करून घेतलेल्या स्प्रिंगा, आणि मूळच्या काढल्या की ग्रीस फासून, डावी-उजवी खूण करून पोत्यात गुंडाळून माळ्यावर. काम करायच्या आधी चारी चाकांच्या मध्यापासनं मडगार्डच्या काठापर्यंतची मापं लिहून ठेवा, हवा सारखी भरून आणि टाकी निम्मी ठेवून.

मामानं लिहिली नव्हती. दोन वर्षं झाली, जुन्या बाजारात न कापलेली जोडी हुडकतोय, आणि मिळाली तरी गाडी आधी किती उंच होती ते सांगायला आमच्याकडं फक्त लग्नातला एक फोटो आहे, त्यातपण पुढं वऱ्हाड उभं.