मधाची पाटी ते आयसिंगची कुकी

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये किंवा जेरुसलेममध्ये तीन वर्षांच्या ज्यू मुलाचं जावळ काढतात, तेव्हा हल्ली टेबलावर रंगीत कुकीज मांडलेल्या दिसतात. एक कात्रीची, एक किप्पा या छोट्या टोपीची, काही हिब्रू अक्षरांच्या, आणि पोराला आवडतो म्हणून एखादी आगीच्या बंबाचीसुद्धा. या समारंभाला यिद्दिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, ‘अपशेर्न’ म्हणतात. कात्री आणि बंब अलीकडचे. अक्षरांची गोष्ट मात्र थेट मध्ययुगातल्या जर्मनीत जाते.

ऱ्हाइन नदीकाठच्या वॉर्म्स गावचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलाझार (सुमारे ११७६ ते १२३८) यांनी मुलाला शिक्षणाला बसवण्याचा विधी तपशिलात नोंदवून ठेवला आहे. दिवस शावुओतचा, म्हणजे सिनाय पर्वतावर तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ मिळाला त्या स्मरणाचा. पहाटे मुलाला वस्त्रात गुंडाळून गुरुजींकडे न्यायचं; वाटेत कुत्रं किंवा काही अशुद्ध नजरेला पडू नये म्हणून हे गुंडाळणं. गुरुजी त्याला मांडीवर घेत. समोर पाटी, तिच्यावर आलेफपासून तावपर्यंतची मुळाक्षरं, मग तीच उलट क्रमाने. गुरुजी एक अक्षर म्हणत, मूल ते पुन्हा म्हणे. मग पाटीवर थोडा मध लावत, आणि अक्षरांवरचा तो मध मुलाने जिभेने चाटायचा.

त्यानंतर यायचा मधात मळलेला केक. त्याच्यावर यशाया या संदेष्ट्याच्या ग्रंथातली वचनं लिहिलेली असत. सोबत सोललेलं उकडलेलं अंडं, त्यावर यहेज्केल या संदेष्ट्याचं, ग्रंथाच्या गुंडाळीबद्दलचं वचन: मी ती गुंडाळी खाल्ली आणि ती माझ्या तोंडात मधासारखी गोड लागली. गुरुजी शब्द वाचत, मूल ते म्हणे, आणि मग केक आणि अंडं खाऊन टाकी. माझ्या मते सगळ्या परंपरेचा गाभा या एका कृतीत आहे. पोराला वाचता येत नाही, अर्थ तर फारच लांब. पण विद्या पहिल्यांदा भेटते ती जिभेला, आणि गोड. सुमारे १३१० सालच्या ‘लाइपझिग माहझोर’ या सचित्र प्रार्थनाग्रंथात हा प्रसंग रंगवलेला आहे. गुरुजींच्या मांडीवरचं ते मूल पाहिलं की सातशे वर्षं मध्ये गेली आहेत असं वाटतच नाही.

केस कापण्याचा धागा वेगळा, उत्तर इस्राएलमधल्या गालीलच्या डोंगराळ भागातला. सोळाव्या शतकात साफेदचे गूढवादी गुरू इसहाक लुरिया आपल्या लहान मुलाला जवळच्या मेरोन गावी घेऊन गेले आणि तिथे आनंदसोहळ्यात त्याचे केस कापले, असं त्यांचे शिष्य हायिम व्हिताल यांनी लिहिलं आहे. झाड लावल्यावर पहिली तीन वर्षं फळ खायचं नाही ही तोरातली आज्ञा, आणि माणूस हा शेतातल्या झाडासारखा हे वचन. या दोहोंवरून तीन वर्षांचा हिशेब सांगतात. ही रीत पुढे पूर्व युरोपातल्या हासिदी या भक्तिमार्गी ज्यू पंथाच्या कुटुंबांत रुजली. कानाजवळच्या बटा ठेवून बाकी केस कापायचे, आणि मग मुलाला मध लावलेली अक्षरं चाटायला द्यायची. वॉर्म्सची पाटी अशी मेरोनच्या कात्रीला येऊन मिळाली.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची गोडाची परंपरा निराळी. त्यांच्याकडे मंगलप्रसंगी मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळं, एलियाहू हानाव्ही म्हणजे संदेष्टा एलिया याच्या स्मरणासह.

आता कुकीकडे. ज्यू आहारनियमांप्रमाणे जेवणात मटण-चिकन असेल तर मागून दुधाचं काही चालत नाही, म्हणून कणकेत लोणी न घालता तेल किंवा वनस्पती मार्जरिन घालतात. दूध-मांस दोन्ही नसलेल्या अशा पदार्थाला ‘पारवे’ म्हणतात. आयसिंग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं आणि पिठीसाखरेचं. अंडं आधी वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना हे बघतात. लाल रंग घेतानाही जपावं लागतं, कारण कार्माइन हा रंग किड्यांपासून बनतो, म्हणून तो वर्ज्य.

सगळ्यात नाजूक प्रश्न अक्षरांचाच. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिणं मना, तसं लिहिलेलं पुसणंही मना. मग अक्षर लिहिलेला केक तोडून खाल्ला तर? तेराव्या शतकात रोथेनबुर्गचे रब्बी मेइर यांच्यापुढे सणाच्या दिवशी मुलांनी खायच्या अशाच केकचा प्रश्न आला होता. लहानांना अडवायचं कारण नाही, असा त्यांचा कौल होता. सोळाव्या शतकात क्राकोव्हचे रब्बी मोशे इसेर्लेस यांनी अक्षरं लिहिलेला केक शब्बाथला तोडू नये असं नोंदवलं. पुढच्या भाष्यकारांनी फरक केला: मधासारख्या दुसऱ्या पदार्थाने वरून लिहिलेलं अक्षर तोडू नये, पण अक्षर केकच्याच पिठात घडवलेलं असेल तर सवलत. आयसिंगने काढलेलं नाव पहिल्या गटात पडतं. म्हणून शुक्रवारी रात्रीच्या जेवणात ठेवायच्या कुकीजसाठी सोपा मार्ग साच्याचा: लाटलेल्या पोळीतून आलेफ कापून काढायचा आणि वर काहीही न लिहिता तसाच भाजायचा.