पातळ पडद्याला खर्जाची जोड

इंग्लंडमधल्या पीटर वॉकर यांनी १९५७ साली क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला, आणि गाण्यातला श्वास, सतारीवर नखी पडतानाचा टणका लोकांना नव्याने ऐकू येऊ लागला. तक्रार एकच होती, खर्ज पुरत नाही. ही तक्रार आजही मिटलेली नाही, कारण ती त्या रचनेतच आहे.

या स्पीकरला कागदी भोंगा नसतो. भोकं पाडलेल्या दोन विद्युतवाहक पत्र्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा ताणलेला पडदा असतो आणि त्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार. पत्र्यांना संगीताचा सिग्नल उलटसुलट दिला की एक पत्रा पडद्याला ओढतो, दुसरा ढकलतो. सहा मायक्रॉन जाडीचा असा चौरस मीटरभर पडदा जेमतेम आठ ग्रॅम भरतो. सात मिलिमीटर जाडीच्या हवेच्या थराचं वजनही तेवढंच! म्हणून तो सिग्नलच्या इशाऱ्यासरशी हलतो आणि थांबतो.

पण पडद्याची मागची बाजू उघडी असते. पुढे दाब वाढतो त्याच क्षणी मागे घटतो. ४० हर्ट्झच्या स्वराची लहर साडेआठ मीटर लांब, पॅनल, म्हणजे पत्रे आणि पडदा यांची चौकट, मात्र हातभर रुंद. बादलीत तळहात सावकाश फिरवला की पाणी कडेने मागे सरकतं, तशी इथे हवा कडेवरून वळते आणि दोन्ही बाजूंचे दाब एकमेकांना खाऊन टाकतात. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर पडद्याची हालचाल आठपट करावी लागते. पत्र्यापर्यंतची जागा असते दोन-तीन मिलिमीटर. त्यापुढे ठिणगी उडते आणि पडद्याला भोक पडतं.

मग सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर, जोडावा, हे ओघानेच आलं. खालचे स्वर त्याच्याकडे गेले की पडद्यावरचा ताणही हलका होतो आणि तो जास्त मोठ्याने वाजू शकतो. तरी जोडणाऱ्यांपैकी बरेच जण नाराज होतात. ‘पडदा चपळ, वूफर सुस्त’ असं कारण सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. ६० हर्ट्झचा स्वर वाजवायचा तर जड भोंग्यालाही सेकंदाला ६० वेळाच हलायचं असतं.

खरी गडबड खोलीत होते. पेटीबंद सबवूफर चहूकडे सारखाच आवाज फेकतो. पॅनल पुढे-मागे फेकतं, कडेला जवळजवळ काहीच नाही. समोर बसलेल्याला दोन्ही सारखेच मोठे वाटले, तरी पॅनल खोलीत एक तृतीयांशच ध्वनिऊर्जा ओतत असतं. चौदा फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाची ४० हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते. पेटी कोपऱ्यात असेल तर त्या लाटेला सर्वांत जास्त खतपाणी मिळतं आणि तो एकच स्वर रेंगाळतो. वरचं संगीत कोरडं, खालचं घुमणारं. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ऐका: अर्धी पॅनलमधून येते, अर्धी भिंतींमधून.

यावर फिनलंडच्या ग्रेडियंट कंपनीने १९८०च्या दशकात तोडगा काढला. क्वाडच्या ईएसएल-६३ या पॅनलसाठी त्यांनी एसडब्ल्यू-६३ हा वूफर बनवला. त्याला पेटीच नाही. प्रत्येक बाजूला बारा इंची दोन वूफर, पुढून-मागून उघडे, आणि त्यांच्यावर पॅनल उभं. खर्जही आता पॅनलसारखाच पुढे-मागे जातो, त्यामुळे सांधा ऐकू येत नाही.

अर्थात कडेवरून दाब खाल्ला जाण्याचा रोग या वूफरलाही आहेच. तिथे फरक इतकाच, की भोंग्याला पडद्यापेक्षा कितीतरी ऐसपैस हालचाल परवडते. मोठे भोंगे, खालच्या स्वरांना वेगळी उचल आणि दमदार अँप्लिफायर यांचा खर्च मात्र सोसावा लागतो. पाठीमागची भिंतही पॅनलपासून निदान मीटरभर दूर हवी, म्हणजे आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सोफा सरकवण्यापासून तयारी. आणि चर्चमधल्या ऑर्गनच्या ३२ फुटी नळीचा १६ हर्ट्झचा स्वर पोटात जाणवायला हवा असेल, तर अख्ख्या खोलीतला दाब वर-खाली करावा लागतो. ते काम पेटीबंद सबवूफरच करू जाणे.