टॅक आणि जाइब : वाऱ्याला तोंड देऊन वळणं आणि पाठ देऊन वळणं

शिडाच्या छोट्या होडीत बसायला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिल्या आठवड्यात एक गोंधळ होतो. टॅक आणि जाइब या दोन वळणांतला फरक त्याला पाठ असतो, पण हाताला माहीत नसतो. त्यात त्याचा दोष नाही. दोन्हींत होडी वळते, शीड या बाजूचं त्या बाजूला जातं, आणि होडीतली दोन्ही माणसं डोकं वाकवून समोरच्या बाजूला जाऊन बसतात. काठावरून बघणाऱ्याला तर दोन्ही एकच वाटतात.

मराठीत सांगायचं तर होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवून घेतलेलं वळण म्हणजे टॅक. होडीची पाठ वाऱ्यातून फिरवून घेतलेलं वळण म्हणजे जाइब. एकात वाऱ्याला तोंड द्यायचं, दुसऱ्यात पाठ. इतकं कळलं की व्याख्या संपली. पण मला जे सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे, आणि ते मला कुणी नीट सांगेपर्यंत मी दोन्ही वळणं चुकीचीच घेत होतो. टॅकमध्ये खरी फिरते ती होडी. जाइबमध्ये खरं फिरतं ते शीड.

समोर एन्टरप्राइज ठेवू या. जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये आखलेली ही दोघांची होडी, लांबी जेमतेम 4.04 मीटर, निळी शिडं ही तिची ओळख. मागे मोठं शीड म्हणजे मेन, पुढे लहान शीड म्हणजे जिब. होडीबाहेर लटकायची तार म्हणजे ट्रॅपीझ नाही, पुढचं फुगणारं जादा शीड म्हणजे स्पिनेकर नाही, त्यामुळे शिकायला उत्तम. आपल्याकडे ती कित्येक वर्षं वापरात आहे. 1982 च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या, तेव्हाही एन्टरप्राइजचा वर्ग होता. भारताचं सुवर्णपदक मात्र फायरबॉलमध्ये आलं, फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांच्या जोडीचं. तीही दोघांचीच होडी.

आता टॅक. एन्टरप्राइज वारा येतो त्या दिशेकडे जास्तीत जास्त सरळ जाते तेव्हा तिची नाळ वाऱ्यापासून साधारण 45 अंश बाजूला असते. त्याहून सरळ गेली तर शिडं फडफडतात आणि होडी थांबते. म्हणून एका बाजूच्या 45 अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या 45 अंशांवर जायचं, म्हणजे होडीला चांगलं 90 अंश फिरावं लागतं. पण त्या वेळी मेनशीट, म्हणजे मेन ओढायची-सोडायची दोरी, घट्ट ओढलेली असते आणि बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, होडीच्या जवळजवळ मध्यावर असते. वळताना ती थोडीशीच सरकते.

जाइबमध्ये बरोबर उलट. वारा पाठीमागून असतो, मेनशीट सैल सोडलेली असते आणि बूम एका बाजूला पार आडवी गेलेली असते. होडीने दहा-पंधरा अंश दिशा बदलली तरी पुरे, वारा मेनच्या दुसऱ्या बाजूला शिरतो. मग बूम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, जवळजवळ अर्धवर्तुळ कापत जाते. होडी जेमतेम हलली, आणि माणसांच्या डोक्यावरून मात्र एक काठी सुसाट गेली.

हे असं का, ते दाराच्या उदाहरणाने चटकन कळतं. मेनची पुढची कड डोलकाठीला बांधलेली असते आणि मागची कड मोकळी. डोलकाठी म्हणजे बिजागरी. बिजागरीकडून वारा आला तर दार वाऱ्याच्या रेषेत डोलत राहतं, निशाण फडफडावं तसं. हा टॅक. शिडातला जोर मध्येच नाहीसा होतो, पुन्हा भरतो, आणि मधल्या दोन क्षणांत दोघांना सावकाश जागा बदलता येते. वारा मोकळ्या कडेकडून आला तर दार फडफडत बसत नाही, धाडकन आपटतं. हा जाइब.

खरं तर हा धडा पाण्यात उतरायच्या आधीच, होडीला शिडं चढवताना मिळतो. उतारावर ट्रॉलीवर होडी ठेवून आधी तिची नाळ वाऱ्याकडे करायची. मग पहिल्यांदा जिब चढवायची, कारण तिच्या दोरीचा ताण डोलकाठीला पुढून धरतो. त्यानंतर मेन. नाळ वाऱ्याकडे असली की शीड नुसतं फडफडतं, कुणाला इजा होत नाही. म्हणजे जमिनीवर धरून ठेवलेला टॅकच तो. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा मेन चढवून झाल्यावर, पाण्याकडे न्यायची म्हणून ट्रॉली तशीच गर्रकन फिरवली. वारा मागून भरला आणि बूम माझ्या सोबत्याच्या कपाळावर बसली. टेंगूळ आठवडाभर होतं. पाण्याबाहेर झालेला तो माझा पहिला जाइब, आणि त्याबद्दल मी त्याची अजूनही माफी मागतो.

सुकाणूच्या दांड्याचा गोंधळ सगळ्यात जास्त. सुकाणू धरणारा वाऱ्याच्या बाजूला बसतो, शीड त्याच्या समोरच्या बाजूला असतं. टॅक घ्यायचा तर दांडा शिडाकडे ढकलायचा. जाइब घ्यायचा तर शिडापासून दूर, म्हणजे स्वतःकडे ओढायचा. डावं-उजवं पाठ करणाऱ्यांची पुढच्याच वळणावर फसगत होते, कारण बाजू बदलली की डावं-उजवंही बदलतं. शिडाकडे की शिडापासून, एवढंच लक्षात ठेवावं.

हाक दोन्हींना वेगळी असते आणि ती द्यायलाच हवी. टॅकला ‘रेडी अबाउट’, क्रूने, म्हणजे जिब सांभाळणाऱ्या सोबत्याने, ‘रेडी’ म्हटलं की ‘ली-ओ’. जाइबला ‘स्टँड बाय टू जाइब’, मग ‘जाइब-ओ’. क्रूचं उत्तर येईपर्यंत दांडा हलवायचा नाही. आमच्याकडे पुष्कळ जण मराठीतच ‘वळतोय हं’ म्हणतात. आपुलकीने म्हणतात, पण ते मला पटत नाही. कुठलं वळण ते क्रूला कळत नाही, आणि बूम हळू येणार की सुसाट, हे त्यालाच आधी कळायला हवं.

टॅक फसतो तो बहुधा वेग नसल्यामुळे. होडी अर्ध्यात वाऱ्याला तोंड करून उभी राहते, दोन्ही शिडं फडफडत राहतात आणि ती हळूहळू मागे वाहू लागते. नवख्याला वाटतं आता सगळं संपलं. प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसतं. क्रूने जिब एका बाजूला हाताने ताणून धरायची, वारा नाळेला दुसऱ्या बाजूला ढकलतो. होडी मागे जात असल्यामुळे सुकाणू उलटं चालतं, म्हणून ज्या बाजूला नाळ वळायला हवी त्याच बाजूला दांडा धरायचा. जिब वेळेआधी सोडणारा क्रू हे टॅक फसण्याचं दुसरं कारण. नाळ वाऱ्यातून पार होईपर्यंत ती सोडू नये.

जाइब फसला तर होडी उलटते. त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे भीतीच माणसाला चुकीचं शिकवते. घाबरलेला माणूस आधी होडी हळू करू बघतो. समजा वारा 12 नॉट, म्हणजे ताशी 12 सागरी मैल, आहे आणि होडी वाऱ्याबरोबर 5 नॉटने पळते आहे. शिडाला जाणवणारा वारा 7 नॉटच. होडी थांबली तर तोच वारा पूर्ण 12. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 49 विरुद्ध 144, जवळजवळ तिप्पट. म्हणून जाइब घ्यायचा तो होडी सगळ्यात वेगात असताना, लाटेवरून घसरत असताना. बूम तेव्हा इतकी हलकी येते की हातात धरून आणता येते. टॅकलाही वेग लागतो, पण वळण पुरं करायला. इथे तो शिडातला जोर कमी करायला लागतो.

जाइबच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. किकर, म्हणजे बूम खाली ओढून धरणारी दोरी, ताणलेली हवी, नाहीतर बूम वर उचलली जाते आणि शिडाचा वरचा भाग एका बाजूला, खालचा दुसऱ्या बाजूला अडकतो. आणि सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या मधून पाण्यात सोडायची उभी फळी. टॅकला तो पूर्ण खाली असतो, कारण वाऱ्याकडे चढताना बाजूला सरकणं तोच थांबवतो. जाइबला अर्ध्याच्या आसपास वर घ्यावा. पूर्ण खाली ठेवला तर शीड आपटल्यावर होडी त्याच्यावरच अडखळून कलंडते, आणि पूर्ण वर घेतला तर ती डुलत राहते. बूम मध्यरेषा ओलांडते त्या क्षणी दांडा किंचित उलट्या बाजूला न्यायचा आणि मेनशीट धावू द्यायची. असं केलं नाही तर होडी स्वतःहून वाऱ्याकडे वळत जाते आणि शीड पाण्याला टेकतं. माझ्या बहुतेक डुबक्या जाइब झाल्यावर, या एका क्षणाच्या आळसाने झाल्या.

टॅक कधी आपोआप होऊन इजा करत नाही, जाइब करतो. वारा सरळ पाठीमागून घेऊन चाललं असताना त्याने जरा बाजू बदलली की बूम न सांगता येते. आधी खुणा मिळतात. जिब मेनच्या आड मरगळते आणि दुसऱ्या बाजूला जायला बघते. मानेवर वारा दुसऱ्या बाजूने लागतो. मेनची मागची कड थरथरते. हे क्रूनेच बघायचं आणि ओरडून सांगायचं, सुकाणूवाल्याचं लक्ष पुढे असतं. दांडा लगेच शिडाकडे थोडा ढकलला की संकट टळतं.

मुंबई बंदरात दुपारचा वायव्येचा वारा असेल तर उरणच्या बाजूला जाताना जाइब येतात आणि परत येताना टॅक. जायला मजा, यायला कष्ट, आणि भरती आहे की ओहोटी ते बघितलं नसेल तर जास्तच कष्ट. शिवाय घाटाजवळ लाँचच्या लाटा येतात, तिथे जाइब घेऊच नये. वारा वाढला आणि जाइबची खात्री नसेल तर लांबचा रस्ता आहे. होडी वाऱ्याकडे वळवत न्या, टॅक घ्या, आणि मग पुन्हा वाऱ्याबरोबर उतरवा. तीन चतुर्थांश वर्तुळ फिरावं लागतं, वेळ जातो, पण पोचायचं तिथे कोरडे पोचता. यात कमीपणा मानणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. आमच्या छोट्या होडीत टॅक सोपा आणि जाइब अवघड, पण अरबी समुद्रातल्या जुन्या तिरक्या शिडाच्या मोठ्या गलबतांवर हे उलटं होतं. त्यांचं शीड लांबलचक परमाणाला, म्हणजे डोलकाठीवर तिरक्या टांगलेल्या दांडीला, बांधलेलं. टॅक घ्यायचा तर एवढं परमाण डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यायचं, आणि तोपर्यंत गलबत वाऱ्याला तोंड देऊन ठप्प उभं. म्हणून खलाशी बहुधा वाऱ्याला पाठ देऊनच वळत. शीड पुढे मोकळं सोडून देत, परमाण जवळजवळ उभं करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेत, आणि मग पुन्हा ताणून बांधत. डोक्यावरून आपटणारी बूम तिथे नव्हतीच, कारण त्या शिडाच्या तळाला काठीच नसते.