घास अडकण्यामागची जनुके

"घास अटकते जी." नागपुरात अन्ननलिकेच्या कॅन्सरची कहाणी बहुतेकदा या तीन शब्दांनी सुरू होते. आधी पोळी अडकते, मग भात, शेवटी पाणीही. एंडोस्कोपीत काढलेले चार-सहा बारीक तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजीत जातात आणि काही दिवसांनी कागद हाती येतो: 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, पी४० पॉझिटिव्ह.' नातेवाइकांचा पहिला प्रश्न स्टेज कोणती, हा असतो. पी४० कडे कोणी बघत नाही.

पी४० म्हणजे टीपी६३ या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे एक रूप. त्याच्या चाचणीत काचपट्टीवर पेशींची केंद्रके तपकिरी रंगली की कॅन्सर स्क्वॅमस, म्हणजे अन्ननलिकेच्या मूळ चपट्या अस्तरातून उगवलेला. दुसरा प्रकार अॅडेनोकार्सिनोमाचा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा. त्याचा इतिहास लंडनचे सर्जन नॉर्मन बॅरेट यांच्याकडे जातो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जठरासारखे अस्तर त्यांनी १९५० साली नोंदवले. मात्र हे वर ओढले गेलेले जठरच आहे, असा त्यांचा हट्ट होता. १९५७ साली त्यांनी मत बदलले, आणि तरीही त्या अवस्थेला नाव त्यांचेच राहिले! आम्ल वर येत राहिल्याने अस्तर बदलते आणि त्यातून पुढे अॅडेनोकार्सिनोमा होऊ शकतो. पाश्चात्त्य देशांत आता हाच प्रकार जास्त.

आपल्याकडे बहुतांश रुग्ण स्क्वॅमसचे. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. कोणत्याही पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून खर्रा घोटला जातो. तो गालात तासन्‌तास राहतो आणि रस गिळला जातो. सुपारी-तंबाखूच्या विड्याने अन्ननलिकेचाही कॅन्सर होतो, हा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. बीडी आणि दारू वेगळीच.

जनुकांकडे वळायचे तर सुरुवात टीपी५३ पासून. या जनुकाचे प्रथिन १९७९ साली सापडले आणि पुढची दहा वर्षे कॅन्सर घडवणारे समजले गेले. १९८९ च्या सुमारास उलगडले की ते पेशीचा ब्रेक आहे. अन्ननलिकेच्या दोन्ही प्रकारांत सर्वाधिक बिघाड यातच असतो, त्यामुळे दोघांत फरक करायला त्याचा उपयोग नाही.

फरक ठळक झाला २०१७ च्या जानेवारीत. 'कॅन्सर जीनोम अॅटलास' प्रकल्पाने १६४ गाठींचा जनुकीय आराखडा मांडला. अॅडेनोकार्सिनोमा जठराच्या एका कॅन्सरचा सख्खा भाऊ निघाला, तर स्क्वॅमसचे नाते तोंड-घशाच्या कॅन्सरशी जुळले. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दोन्ही पाहणाऱ्याला यात नवल वाटू नये. खर्ऱ्याची वाट तोंडातूनच खाली जाते. टीपी६३ किंवा त्याच गुणसूत्रावरच्या एसओएक्स२ या जनुकाच्या जादा प्रती जवळपास निम्म्या स्क्वॅमस गाठींत मिळाल्या. म्हणजे पी४० ची ओळ निदानाची खूण तर आहेच, शिवाय ती ज्या जनुकाकडे बोट दाखवते तेही या रोगाच्या कारभारात सामील आहे.

त्या १६४ पैकी ९० स्क्वॅमस गाठींचे तीन उपप्रकार केले गेले: पहिल्यात ५०, दुसऱ्यात ३६, तिसऱ्यात फक्त ४. पहिल्यात विषारी द्रव्यांपासून पेशीला वाचवणारी एनआरएफ२ यंत्रणा बिघडून कायम चालू राहिलेली, आणि त्यात व्हिएतनामी रुग्ण बरेच. चार गाठींच्या गटाला उपप्रकार म्हणणे मला तरी घाईचे वाटते. या वर्गवारीवरून उपचार ठरवण्याची रीत अजून पडलेली नाही.

औषधाशी जोडलेली पहिली खूण आली ती अॅडेनोकार्सिनोमाच्या वाट्याला. जठर आणि जठर-अन्ननलिकेच्या सांध्यावरच्या एचईआर२ (पेशींना वाढीचा इशारा देणारे प्रथिन) पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये केमोसोबत त्यालाच रोखणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध दिल्यावर मध्यक आयुष्य ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेले, हे २०१० साली दिसले. पण अॅटलासमध्ये एचईआर२ च्या जादा प्रती अॅडेनोकार्सिनोमात ३२ टक्के, स्क्वॅमसमध्ये जेमतेम ३ टक्के. खर्रावाल्या रुग्णाला या शोधाचा फारसा फायदा झाला नाही.

त्याच्या कागदावर नवी ओळ आली ती पीडी-एल१ ची, म्हणजे कॅन्सरला प्रतिकारशक्तीपासून लपायला मदत करणाऱ्या प्रथिनाची. केमोसोबत इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध मोकळे करणाऱ्या इंजेक्शनांचा, उपयोग स्क्वॅमसमध्येही होतो, हे २०२१ च्या आसपासच्या चाचण्यांनी दाखवले. तेव्हापासून बायोप्सीच्या त्याच पॅराफिन ब्लॉकमधून आणखी एक पातळ काप काढला जातो. त्यात रंगलेल्या पेशी मोजून सीपीएस नावाचा आकडा लिहिला जातो, आणि महागडे इंजेक्शन सुरू करायचे की नाही ही चर्चा त्या आकड्यापाशी येऊन थांबते.