शहाणपण मागून घेण्याची ख्रिस्ती परंपरा

ख्रिस्ती मंडळीत नेतृत्वाचा विषय निघाला की बायबलमधला राजा शलमोन हमखास आठवतो. गिबोनात देवानं 'काय हवं ते माग' म्हटल्यावर त्यानं धन मागितलं नाही, प्रजेचा न्याय करण्यासाठी बरंवाईट ओळखणारं मन मागितलं. ती एकट्या राजाची प्रार्थना होती. पहिल्या शतकातल्या मंडळीनं तेच मागणं मिळून करायला सुरुवात केली. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, यावर यरुशलेमेत बराच वाद झाला. निर्णय कळवणाऱ्या पत्रात 'पवित्र आत्म्याला व आम्हांला' योग्य वाटलं, असं लिहिलं आहे. अधिकाराचा उगम याहून नेमका कोणी मांडलेला मला ठाऊक नाही.

चौथ्या शतकात चर्चला राजाश्रय मिळाला. बिशपपदाला मान आणि मालमत्ता आली, तसे अनेक जण मार्गदर्शनासाठी इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांकडे वळले. त्यांच्यापाशी पद नव्हतं, तरी एखादं वचन मिळावं म्हणून लोक तिथवर चालत जात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं आपल्या नियमावलीत घालून दिलं, की महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीनं सर्वांना बोलवावं, कारण अधिक चांगलं काय ते देव अनेकदा धाकट्याला सुचवतो. शेवटचा निर्णय मात्र मठाधिपतीचाच.

माझ्या मते या परंपरेतलं सर्वांत शिकण्यासारखं पान १५३९ सालचं आहे. आपल्यातल्याच एकाची आज्ञा पाळण्याचं व्रत घ्यावं का, हा प्रश्न येशूसंघाचा (जेझुइट संघाचा) संस्थापक इग्नेशियस लोयोला आणि त्याच्या सोबत्यांपुढे रोममध्ये उभा होता. दिवसा ते आपापली सेवेची कामं करत, रात्री एकत्र बसत. आधी प्रत्येकानं एकट्यानं प्रार्थना करायची, एकमेकांचं मन वळवायचं नाही. एका बैठकीत सर्वांनी फक्त विरोधातली कारणं मांडायची, दुसऱ्या बैठकीत फक्त बाजूची. त्यामुळे कोणाला आपल्या मताची वकिली करता येईना. कित्येक आठवड्यांनी सर्वांचं एकमत झालं आणि १५४० मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्यांच्या या संघाला मान्यता दिली.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथानं आपल्या सभांत मतदानच ठेवलं नाही. तिथे शांत बसून सभेचा कौल ओळखतात.

कॅथलिक चर्चनं २०२१ ते २०२४ या काळात मिळून ऐकण्याचा हाच धागा सिनॉडमध्ये, म्हणजे चर्चच्या विचारविनिमयाच्या सभेत, उचलला. बिशपांसोबत सामान्य विश्वासणारे, स्त्रियासुद्धा, गोल टेबलांभोवती बसले आणि त्यांनी मतदान केलं. अखेरीस पोप फ्रान्सिस यांनी स्वतःचा वेगळा दस्तऐवज लिहिला नाही, सभेनं मंजूर केलेलाच प्रसिद्ध करायला सांगितला.