सात फांद्यांचा मेनोरा आणि हनुक्काचा दिवा

जेरुसलेममध्ये इस्रायली संसदेसमोर उभ्या असलेल्या कांस्य मेनोराच्या, म्हणजे फांद्यांच्या दीपस्तंभाच्या, फोटोखाली कधी कधी लिहिलेलं असतं, ‘ज्यूंच्या हनुक्का सणाचा दिवा’. गैरसमज सहज होण्यासारखा आहे, कारण दोन्ही दीप दिसायला भावंडंच.

पण फांद्या मोजा. या शिल्पाला सात आहेत. हनुक्का आठ दिवसांचा, त्यामुळे त्याच्या दिव्यात आठ ज्योती आणि त्या पेटवणारी नववी. सातांचा दीप त्याहून जुना, जेरुसलेममधल्या ज्यूंच्या प्राचीन मंदिरातला. बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकात, अध्याय 25 मध्ये, त्याचं वर्णन आहे: मधला दांडा आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फांद्या. रोममधल्या सम्राट टायटसच्या कमानीवर, पहिल्या शतकातल्या कोरीवकामात, रोमनांनी त्या मंदिरातून लुटून नेलेला दीपही सातांचाच.

फोटोखालच्या ओळीतल्या या चुकीने शिल्पाचा खरा विषयच झाकला जातो, याचं मला वाईट वाटतं. 1956 मध्ये ब्रिटनकडून भेट आलेल्या, चार मीटरहून उंच अशा या शिल्पावर 29 उठावचित्रं आहेत. बायबलमधला हात उंचावलेला मोशे, रडणारी राहेल, वाळलेल्या हाडांत प्राण भरल्याचा संदेष्टा यहेज्केलचा दृष्टांत, आणि मधल्या दांड्यावर 1943 चा वॉर्सा घेट्टोतला (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतला) नाझींविरुद्धचा उठाव. जवळून काढलेला फोटो मोठा करून पाहा, आकृत्या ओळखू येतात.