कोयोटीचे ‘नियंत्रण’ आणि १९७२ चा आदेश : पार्श्वभूमी

अमेरिकेत सुमारे दहा कोटी हेक्टर सार्वजनिक जमीन सांभाळणाऱ्या संघीय खात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या हद्दीत ‘एम-४४’ हे सायनाइडचे साधन वापरण्यास मनाई केली. हे साधन मेंढ्यांवर हल्ला करणाऱ्या कोयोटी या वन्यप्राण्याला मारण्यासाठी होते. मनाईचे स्वागत करणाऱ्यांनी ती ऐतिहासिक ठरवली आणि मेंढपाळांच्या संघटनांनी ती अन्यायकारक ठरवली. परंतु विष आणि संघीय जमीन यांची फारकत करणारा पहिला निर्णय यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ आधी, ८ फेब्रुवारी १९७२ रोजी झाला होता. आज कोयोटीच्या मागावर जाणारा माणूस हातात काय घेऊन जातो, हे बऱ्याच अंशी त्या निर्णयाने आणि त्याच्या पाठोपाठ महिनाभरात झालेल्या, तुलनेने विस्मृतीत गेलेल्या दुसऱ्या एका निर्णयाने ठरवले आहे.

पुढे जाण्याआधी शब्दांची गुंतागुंत सोडवणे भाग आहे. मराठीत या प्राण्याला कधी ‘कोल्हा’, कधी ‘लांडगा’ म्हटले जाते. तो दोन्ही नाही. श्वानकुळातला असला तरी तो स्वतंत्र जातीचा, उत्तर आणि मध्य अमेरिकेचा प्राणी आहे, आणि ‘कोयोटी’ हे नाव मेक्सिकोतील नाहुआतल भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेले आहे. त्याहून मोठा घोळ ‘शिकार’ या शब्दाने होतो. हौशी माणसाने रायफल घेऊन केलेली शिकार, कातड्यासाठी लावलेले सापळे, बक्षिसांच्या स्पर्धा आणि सरकारी पगारी माणसाने मेंढ्यांच्या रक्षणासाठी केलेली मारणी, या चारही गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. अमेरिकी कायद्यात मात्र त्या वेगवेगळ्या खात्यांच्या अखत्यारीत येतात, आणि चौथीचे नाव शिकार असे नसून ‘नियंत्रण’ असे आहे. हा शब्दही सुरुवातीचा नव्हे. १९२० च्या सुमारास या कामासाठी जी संघीय प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्या नावात ‘निर्मूलन’ असाच शब्द होता. प्राणिशास्त्रज्ञांची टीका वाढू लागली तसा काही वर्षांत तो बदलून ‘नियंत्रण’ झाला. काम मात्र होते तेच राहिले, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकातील प्रकार थोडक्यात सांगता येतो. गवताळ प्रदेशात रानगव्यांच्या कलेवरांत स्ट्रिक्निन हे विष भरून ठेवले जाई, आणि सकाळी भोवती पडलेले लांडगे व कोयोटी सोलून कातडी विकली जात. पुढे राज्याराज्यांनी डोक्यामागे इनाम लावले. संघीय सरकार या कामात पैशानिशी उतरले ते १९१५ मध्ये, सव्वा लाख डॉलरच्या तरतुदीने. १९३१ च्या कायद्याने दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरच्या कार्यक्रमाला मान्यता मिळाली. तोवर पश्चिमेतून लांडगा जवळजवळ नाहीसा झाला होता. कोयोटी मात्र मोकळ्या झालेल्या जागेत पसरत गेला.

खरी साधनसामग्री १९३० ते १९५० या दोन दशकांत घडली. तिशीच्या दशकात आलेली ‘गेटर’ नावाची नळी जमिनीत ठोकली जाई. तिच्या वरच्या टोकाशी पॉइंट ३८ च्या काडतुसाच्या पुंगळीत सोडियम सायनाइड आणि ते उडवण्यापुरती दारू असे. टोकाला लोकर गुंडाळून तिला कुजट वासाचे आमिष चोपडलेले असे. कोयोटीने ते दातांत धरून वर ओढले की पूड थेट तोंडात उडे, आणि लाळेच्या ओलाव्याने तिचा विषारी वायू बनून प्राणी एक-दोन मिनिटांत मरे. आजचे एम-४४ त्याच कल्पनेचे रूप आहे. दारूच्या जागी त्यात स्प्रिंग आहे.

दुसरे साधन ‘१०८०’ या क्रमांकाने ओळखले जाणारे सोडियम फ्लुओरोॲसिटेट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंदीर-घुशींसाठी तपासल्या गेलेल्या रसायनांपैकी हे एक. याला चव जवळजवळ नाही, आणि कोयोटीला ते इतक्या अल्प मात्रेत मारते की घोड्याच्या किंवा मेंढीच्या मांसात टोचलेले द्रावण पुष्कळ प्राण्यांना पुरे. नियमानुसार छत्तीस चौरस मैलांमागे, म्हणजे सुमारे ९३ चौरस किलोमीटरमागे, अशा विषारी मांसाचे एकच ‘ठाणे’ असायचे; शरद ऋतूत ठेवायचे आणि वसंतात उरलेले उचलून नष्ट करायचे. कागदावर ही योजना काटेकोर होती. विरोधकांचे म्हणणे असे होते की मांस खाणारा प्रत्येक प्राणी कोयोटी नसतो, आणि प्रत्येक ठाण्यावर कोणी पहारा देत नसतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, असे मला वाटते.

१९६४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने हा कार्यक्रम गरजेपेक्षा मोठा झाल्याचे सांगितले होते. पण वाऱ्याची दिशा बदलली ती १९७१ मध्ये. वायोमिंग राज्यात त्या वसंतात थॅलियम या विषाने मेलेले गरुड सापडले. त्यानंतर झालेल्या संसदीय चौकशीत हेलिकॉप्टरमधून शेकडो गरुड मारले गेल्याची साक्ष झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विमानातून वन्यप्राणी मारण्यास बंदी घालणारा कायदा झाला. गंमत अशी की पशुधनाच्या रक्षणासाठी राज्यांना परवाने देण्याची मुभा त्यात ठेवली गेली, आणि पुढे कोयोटी मारण्याचे सरकारी काम सर्वाधिक झाले ते याच मुभेखाली, आकाशातून.

फेब्रुवारी १९७२ चा आदेश राष्ट्राध्यक्षांचा होता. संघीय जमिनीवर, तसेच संघीय कार्यक्रमात कोठेही, शिकारी सस्तन प्राण्यांना मारण्यासाठी विष वापरू नये, हा त्याचा मुख्य अर्थ होता. आणीबाणीचा अपवादही होता. खासगी कुरणावर स्वतः विष ठेवणाऱ्या मालकाला हा आदेश लागू नव्हता. त्याला अडवले ते मार्चमधील निर्णयाने. पर्यावरणविषयक संघीय संस्थेने कीटकनाशकांच्या कायद्याखाली स्ट्रिक्निन, सायनाइड आणि १०८० यांची या वापरापुरती नोंदणी रद्द केली, आणि राज्याच्या सीमेपलीकडून विष मागवण्याचा मार्गच बंद झाला. उंदरांसाठीची नोंदणी त्याच वेळी रद्द झाली नाही, म्हणजे रसायन देशात होतेच. फक्त ते कोयोटीसाठी वापरणे बेकायदा झाले. या दोन निर्णयांची सरमिसळ इतकी सर्रास होते की १९८२ मध्ये नंतरच्या एका राष्ट्राध्यक्षांनी तो आदेश रद्द केला तेव्हा विष परत आले, असा समज पसरला. प्रत्यक्षात नोंदणीचा अडसर तसाच होता. सायनाइड तर त्याआधीच, १९७५ आणि १९७६ मध्ये आदेशात दुरुस्त्या होऊन, एम-४४ च्या रूपाने परतले होते. १०८० ला १९८५ मध्ये परवानगी मिळाली ती केवळ मेंढीच्या गळ्यातील रबरी पट्ट्यापुरती: कोयोटी गळा धरतो, पट्ट्यातली विषाची पिशवी फुटते, आणि हल्ला करणारा तोच प्राणी मरतो.

आदेशामुळे मेंढीपालन बुडाले, हा आरोप आजही ऐकू येतो. आकडे त्याला पुरते साथ देत नाहीत. अमेरिकेतील मेंढ्यांची संख्या १९४२ मध्ये साडेपाच कोटींच्या वर पोहोचली आणि तिथून उतरत गेली. ही उतरण विषाचा वापर जोरात असतानाच सुरू झाली होती. लोकरीची जागा कृत्रिम धाग्याने घेतली, राखणीला माणसे मिळेनात, आणि मटणाची मागणी घटली. तरीही एखाद्या छोट्या कळपाच्या मालकाला वसंतात कोकरे गमवावी लागतात तेव्हा राष्ट्रीय सरासरीने त्याचे समाधान होत नाही, हेही तितकेच खरे. दुसऱ्या बाजूने, १९७५ मधील एका गणिती प्रतिमानाने दाखवले की दरवर्षी पंच्याहत्तर टक्के कोयोटी मारले तरी ते संपवायला पन्नासएक वर्षे लागतील. दोन्ही बाजू हा निष्कर्ष आपापल्या सोयीने सांगतात.

विष मागे पडल्यावर पुढे आले ते कान, डोळे आणि वारा यांवर चालणारे तंत्र. आपल्याकडच्या हाकाऱ्यात जनावराला उठवून बंदुकीकडे रेटले जाते. इथे नेमके उलटे, शिकारी एका जागी बसून त्याला बोलावतो. जखमी सशाचा आक्रोश काढणारी तोंडाने वाजवायची शिट्टी पन्नाशीच्या दशकात टेक्ससमधून व्यापारी स्वरूपात लोकप्रिय झाली, मग तबकड्या, मग कॅसेट, आणि आता दूरनियंत्रकावर चालणारा भोंगा. भोंगा माणसापासून पन्नास-साठ पावलांवर ठेवल्याने प्राण्याची नजर माणसाकडे जात नाही. झुडपाला पाठ टेकून, सावलीत, पंधरा-वीस मिनिटे निश्चल बसणे हे या कामातले सर्वांत अवघड अंग. कोयोटी सरळ येत नाही. तो वळसा घालून वास घेता येईल अशा बाजूला जातो, म्हणून दोघे असतील तर दुसरा माणूस छऱ्याची बंदूक घेऊन त्याच बाजूला बसवला जातो. उघड्या मैदानासाठी हलक्या, वेगवान गोळीच्या रायफली रूढ झाल्या: १९५० चे पॉइंट २२२ काडतूस, १९६४ चे पॉइंट २२३, आणि १९६५ मध्ये कारखान्यात अधिकृतपणे बनू लागलेले पॉइंट २२-२५०. सत्तरीच्या अखेरीस कातड्याचे भाव चढले तेव्हा भोक लहान पडणारी गोळी हा पैशाचा प्रश्न झाला. सापळ्यांतही बदल झाला. जबड्यांना रबर लावलेले सापळे ऐंशीच्या दशकात आले, पण ते उकळून, मेण चढवून, पाय पडतो त्या पत्र्याखाली कापड घालून मातीत पुरण्याची, म्हणजे गंज आणि माणसाचा वास टाळण्याची पद्धत जुनीच आहे. अलीकडे उष्णतेवर प्राणी दाखवणाऱ्या दुर्बिणींनी रात्र खुली केली आहे. बहुतेक राज्यांत कोयोटी वर्षभर मारता येत असला तरी रात्रीच्या शिकारीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

याच साधनांनी स्पर्धा भरू लागल्या, आणि वादाचा रोख विषावरून त्यांच्याकडे वळला. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये बक्षिसांच्या स्पर्धा बंद केल्या. व्हर्मांट, न्यू मेक्सिको आणि इतर काही राज्ये मागून आली. सायनाइडचा प्रश्न पुन्हा पेटला तो मार्च २०१७ मध्ये. आयडाहोतील पोकाटेलो येथे घरामागच्या टेकडीवर फिरणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाने जमिनीतून डोकावणाऱ्या नळीला हात लावला. तो वाचला, सोबतचा कुत्रा डोळ्यांदेखत मेला. नळी सरकारी माणसाने लावलेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पर्यावरणविषयक संघीय संस्थेने साधनाची परवानगी चालू ठेवली, काही दिवसांतच मागे घेतली, आणि डिसेंबरमध्ये घरापासून ६०० फूट, सार्वजनिक रस्त्यापासून ३०० फूट अशा अटींवर पुन्हा दिली. त्याच वर्षी ऑरेगनने आपल्या राज्यात ते बंद केले. २०२३ ची मनाई याच क्रमातली आहे, आणि तिची व्याप्तीही १९७२ च्या आदेशासारखीच मर्यादित आहे: ती जमिनीच्या मालकीपुरती लागू होते, साधनाची नोंदणी रद्द करत नाही. सरकारी कर्मचारी अलीकडे दरवर्षी साठ हजारांच्या आसपास कोयोटी मारतात. त्यांतला मोठा वाटा विमाने आणि हेलिकॉप्टर यांचा आहे, आणि त्यांच्याबद्दल त्या मनाईत काही नाही.